सरळ पळणारी, वळायला नाही म्हणणारी गो-कार्ट

पुण्याजवळ भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात, मागच्या मोकळ्या शेडमध्ये, डिप्लोमाच्या चार मुलांनी गो-कार्ट बांधली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, चेन नीट बसली, आणि रविवारी बंद असलेल्या एका गोदामाच्या काँक्रीट आवारात कार्ट सरळ रेषेत झकास पळाली. वळण आलं की मात्र पुढची चाकं वळलेली आणि कार्ट आपली सरळच. टायर किंचाळायचे, स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. वेग कमी करून वळवलं तर इंजिन दबून कार्ट जागीच उभी. पुढे एका रविवारी मागच्या हबमधला, म्हणजे चाक ॲक्सलला जोडणाऱ्या भागातला, बोल्टच तुटला.

घरी बांधलेल्या कार्टची ही सगळ्यात नेहमीची तक्रार आहे आणि तिचं निदान सगळ्यात जास्त वेळा चुकतं. इथेही आधी तीन उपाय चुकले. दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची मापं या कार्टची नीट घेतलेली आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर.

कार्ट होती कशी

व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) १०५० मिमी. आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या नियमांत तो १०१० ते १०७० मिमी असतो, तेव्हा इथे काही चुकलेलं नव्हतं. पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ९०० मिमी, मागचा ९५०. पुढचं चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं ती किंगपिन. दोन किंगपिनमधलं अंतर ७००, म्हणजे प्रत्येक किंगपिनपासून टायरच्या मध्यापर्यंत १०० मिमी. हा १०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

चौकट एक इंची, १४ गेज (२ मिमी) ईआरडब्ल्यू (शिवण वेल्ड केलेल्या) पाइपची. वीस फुटी दोन पाइप लागले, वजन १४ किलो. मागचा ॲक्सल ईएन-८ पोलादाच्या ३० मिमी ब्राइट बारचा, मीटरभर लांब, साडेपाच किलोचा, दोन यूसीपी २०६ पिलो ब्लॉकमध्ये (ॲक्सल धरणाऱ्या बेअरिंगच्या घरांत) बसवलेला. टायर कार्टचेच: पुढे १० × ४.५०-५, मागे ११ × ७.१०-५. पुढच्या हबमध्ये ६२०३ बेअरिंग, १७ मिमीचे स्टब (चाक बसायचे आखूड दांडे). किंगपिन म्हणून एम-१० चे ८.८ ग्रेडचे बोल्ट. ब्रेक म्हणजे मागच्या ॲक्सलवर दुचाकीची एक डिस्क आणि कॅलिपर.

इंजिन जुन्या अ‍ॅक्टिव्हाचं, क्लच आणि बेल्टसकट अख्खं युनिट. घरगुती कार्टला स्कूटरचं युनिट सोपं पडतं, कारण सेंट्रिफ्युगल क्लच, बदलता गिअर आणि शेवटचं रिडक्शन एकाच खोक्यात मिळतं. गिअर लिव्हर आणि क्लचची केबल ही दोन डोकेदुखीची कामं वाचतात. मागचं चाक काढून त्याच्या स्प्लाइनवर (दातेरी शाफ्टवर) स्प्रॉकेट बसवलं आणि ४२८ च्या चेनने ॲक्सलला जोडलं. दोन्ही स्प्रॉकेटचे दात सारखेच ठेवले, ते बरोबर होतं. हिशोब असा: स्कूटर ताशी ८० किमी वेगात असताना तिचं ९०/१००-१० चं चाक मिनिटाला साधारण ९८० फेरे घेतं. कार्टच्या मागच्या टायरचा घेर ८८ सेंमी. तितक्याच फेऱ्यांना कार्ट ताशी ५१ किमीच्या आसपास जाते. जमिनीपासून चार बोटांवर बसलेल्या माणसाला एवढा वेग पुरून उरतो.

सामान नेहमीच्याच ठिकाणांहून आलं. इंजिनचे सुटे भाग नाना पेठेतून, किरकोळ लोखंड बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून, प्लेटांचं लेझर कटिंग भोसरीतच. भंगारातलं इंजिन घेताना गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागून घ्यावा. चोरीच्या गाडीचं इंजिन गळ्यात पडलं तर कार्ट राहते बाजूला.

तीन उपाय, तिन्ही फसलेले

हबमधला बोल्ट तुटला तेव्हा पहिलं निदान झालं, "बोल्ट कमजोर होता." की-वे (लोखंडी की बसवायची खाच) मारायचा खर्च वाचवायला हब आणि ॲक्सल यांतून आरपार एम-६ चा बोल्ट घातलेला होता. तो काढून भोक मोठं केलं आणि एम-८ घातला. बोल्ट टिकला, पण आता वळणावर चेन स्प्रॉकेटवरून उडी मारायला लागली. शिवाय ३० मिमीच्या ॲक्सलमध्ये आरपार ८ मिमीचं भोक पाडणं म्हणजे ॲक्सल नेमका कुठून तुटावा ते स्वतःच ठरवून देणं.

दुसरं निदान, "चौकट पिळवटतेय, म्हणून चेन उडतेय." मग आसनाखाली २५ × २५ च्या चौकोनी पाइपची फुली मारली. चौकट घट्ट झाली, चेन थोडी सुधारली, वळणं तशीच.

तिसरा उपाय सर्वांत धोक्याचा. मागच्या डाव्या हबचा बोल्ट काढून ते चाक ॲक्सलवर बेअरिंग घालून मोकळं सोडलं, म्हणजे जोर फक्त उजव्या चाकाला. कार्ट वळायला लागली! तिथेच सगळे खूश झाले असते, पण ब्रेक दाबताच कार्ट उजवीकडे झपकन फिरली. साहजिक आहे, डिस्क ॲक्सलवर, आणि ॲक्सलला आता एकच चाक बांधलेलं, म्हणजे ब्रेकही एकाच चाकाला. लहान मुलांच्या हळू कार्टला एका चाकाचा जोर चालतो, पण मग दोन्ही चाकांना वेगळे ब्रेक हवेत. ताशी ४५ ने पळणाऱ्या कार्टमध्ये हा खेळ करू नये.

मोजल्यावर काय दिसलं

दोन मोजमापं केली. दोन्ही बिनखर्चाची आहेत आणि कार्ट बांधणाऱ्या कुणीही करून बघावीत.

पहिलं, ओढून बघणं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा पुढच्या बंपरला अडकवायचा, चालक आसनावर बसलेला, इंजिन बंद, आणि कार्ट सावकाश ओढायची. चाकं सरळ असताना काटा ४ किलो दाखवत होता. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर २१ किलो. मधले १७ किलो नुसते मागचे टायर घासण्यात जात होते.

दुसरं, चार चाकांखाली घरगुती वजनकाटे. कार्ट ९५ किलो, चालक ६५, एकूण १६०. पुढे ५६ आणि मागे १०४, म्हणजे पुढे फक्त ३५ टक्के. कार्टला पुढे ४० ते ४३ टक्के भार हवा. पण खरी गोम पुढे आहे. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं तरी चारही काट्यांवरचे आकडे जवळजवळ जागच्या जागी राहिले. चांगल्या कार्टमध्ये तसं होता कामा नये.

कारण

कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलला पक्की, दोघांचे फेरे सारखेच. वळणात मात्र दोघांना सारखं अंतर कापायचं नसतं. चार मीटर त्रिज्येच्या वळणावर आतलं चाक ३.५२ मीटर त्रिज्येने जातं आणि बाहेरचं ४.४८ ने, बाहेरच्याला सत्तावीस टक्के जास्त रस्ता. दोन्ही टायर जमिनीला घट्ट धरून असतील तर कुणीतरी घासलंच पाहिजे, आणि ते घासणं कार्टला सरळच ढकलत राहतं. पुढचे टायर वळवू बघतात, मागचे अडवतात, पुढचे हरतात.

बोल्ट का तुटला तेही यातच आहे. मागच्या एका चाकावर ५२ किलो, काँक्रीटवर रबराची पकड ०.९ धरली आणि टायरची त्रिज्या १४ सेंमी, तर घासणारं चाक ॲक्सलला सुमारे ६४ न्यूटन-मीटरने पिळतं. डावं वळण, उजवं वळण, प्रत्येक वेळी पीळ उलटा. आट्यांच्या एम-६ ला असला उलटसुलट मार फार काळ सोसत नाही.

मग बाजारातल्या कार्ट वळतात कशा? त्या वळणात आतलं मागचं चाक उचलतात, निदान त्यावरचा भार जवळजवळ काढून घेतात, आणि हे काम पुढून होतं. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकवलेलं असतं. या कोनाला कॅस्टर म्हणतात. झुकलेल्या किंगपिनभोवती चाक वळलं की आतलं पुढचं चाक चौकटीच्या मानाने खाली जातं आणि बाहेरचं वर. हॉटेलातल्या डुगडुगत्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सारली की तिरक्या रेषेतले दोन पाय भार घेतात आणि उरलेले दोन सुटतात, तसंच इथे. आतलं पुढचं आणि बाहेरचं मागचं चाक भार घेतात, आतलं मागचं सुटतं.

किती उचल मिळते त्याचं सोपं गणित आहे: किंगपिनपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर, गुणिले कॅस्टरच्या कोनाचा साइन, गुणिले चाक वळल्याच्या कोनाचा साइन. इथे अंतर १०० मिमी. कॅस्टर १२ अंश आणि चाक २५ अंश वळलेलं असेल तर ८.८ मिमी. कॅस्टर ४ अंश असेल तर जेमतेम ३ मिमी, तेवढं टायरच्या हवेतच जिरतं. कॅस्टर शून्य असेल तर उत्तर शून्य. या कार्टचे सी-ब्रॅकेट (किंगपिन धरणारे सी आकाराचे तुकडे) गुण्या लावून, ओळंब्यात, अगदी काटकोनात जोडलेले होते. काम सुबक होतं आणि तोच घोटाळा. फुली मारून चौकट घट्ट केल्याने वळण्यात काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही, कारण चौकटीला पीळ देणारं पुढे काहीच नव्हतं.

दुरुस्ती: पुढचे कोपरे

दोन्ही सी-ब्रॅकेट ग्राइंडरने कापून काढले. ब्रॅकेट ६ मिमी प्लेटचे, आतली उंची ६० मिमी. १२ अंशांसाठी वरचं भोक खालच्याच्या मागे पावणेतेरा मिमी यायला हवं. एवढ्या कमी उंचीवर मोजलं तर अर्ध्या मिमीची चूक अर्धा अंश खाते, म्हणून ब्रॅकेटच्या दोन्ही भोकांतून १० मिमीची सरळ ब्राइट सळई घातली, वर हातभर बाहेर काढली आणि शेजारी ओळंबा सोडला. खालच्या भोकापासून बरोबर ३०० मिमी उंचीवर सळई ओळंब्यापासून ६४ मिमी मागे आली की कोन १२ अंश. दोन्ही बाजूंच्या मापात दोन मिमीपेक्षा जास्त फरक नको. डावी-उजवीकडचा कॅस्टर वेगळा असेल तर कार्ट एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला रडते. मग माणूस टायरच्या हवेत दोष शोधत बसतो.

हे मापताना चौकट सपाट हवी, आणि गाळ्यातली फरशी सपाट असते हा भ्रम आहे. चौकटीच्या चार कोपऱ्यांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारून लेव्हलबाटलीने आधी तिला समतल करून घ्या. पुढची आणि मागची टायर वेगळ्या व्यासाची असल्याने चौकट चाकांवर पुढे-मागे कशी बसते तेही बघा. ती पुढे एक अंश झुकली तर कॅस्टर एका अंशाने कमी.

वेल्डिंग २.५ मिमीच्या ई-६०१३ सळीने, ७० ते ८० अँपिअरवर. पाइप २ मिमीचा आणि प्लेट ६ ची, त्यामुळे आर्क प्लेटवर धरून पाइपकडे ओढायचा, नाहीतर पाइपला भोक पडतं. चार टॅक (तात्पुरते ठिपके) मारले, सळई-ओळंबा पुन्हा तपासला, मग समोरासमोरच्या बाजूंना आलटूनपालटून आखूड टाके. एका दमात एक बाजू भरली तर ब्रॅकेट त्या बाजूला ओढला जातो. एक-दीड अंश सहज जातो. सळई शेवटपर्यंत आतच ठेवावी, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत राहतात.

त्याच खेपेला स्टिअरिंग आर्मही (चाक वळवणाऱ्या आखूड दांड्या) बदलले. आधीचे आर्म किंगपिनपासून सरळ मागे जाणारे होते, त्यामुळे दोन्ही चाकं सारख्याच कोनात वळत. खरं तर आतलं चाक जास्त वळायला हवं: या मापांत आतलं २५ अंश तर बाहेरचं साडेएकोणीस. त्यासाठी आर्मची रेघ किंगपिनपासून मागच्या ॲक्सलच्या मध्याकडे रोखलेली हवी. १०० मिमीच्या आर्मचं टोक ३२ मिमी आत घेतलं की ते साधतं. हे आर्म मागे वळलेले असतील तेव्हाचं. पुढे काढले तर टोकं बाहेर जायला हवीत, आणि तिथे ती बहुतेक रिमला घासतात. टाय रॉडला (स्टिअरिंगची ओढ आर्मपर्यंत नेणाऱ्या दांडीला) दोन्ही टोकांना एम-८ चे रोझ जॉइंट (सगळीकडे फिरणारे सांधे), एक उजव्या आट्यांचा आणि एक डाव्या, म्हणजे न सोडता लांबी जुळवता येते. टो-आउट (चाकांची पुढची बाजू किंचित बाहेर रोखलेली) २ मिमी ठेवला.

आसन १२० मिमी पुढे घेतलं, पेडलही तितकेच. चालकाचे ६५ किलो १०५० मिमीच्या व्हीलबेसवर १२० मिमी सरकले की पुढे सुमारे साडेसात किलो वाढतात. पुढचा भार ५६ वरून ६४ च्या घरात आला, म्हणजे ४० टक्के. आसनाखालची फुली काढून टाकली. कॅस्टर दिल्यावर चौकटीला थोडा पीळ घेऊ द्यायचा असतो.

भोकं पाडलेला ॲक्सल बाद केला. नव्या बारला लेथवाल्याकडून ८ मिमी रुंद आणि ४ मिमी खोल की-वे मारून घेतले, ८ × ७ ची की. की हबमध्ये हाताने सरकत असेल तर ती सैल आहे; लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्याने बसायला हवी. पिलो ब्लॉकचे ग्रब स्क्रू (ॲक्सल आवळणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू) कंपनाने सुटतात आणि अख्खा ॲक्सल चेनकडे सरकतो. चेन उडण्याचं अर्धं कारण इथेच होतं. ग्रब स्क्रूच्या जागी ॲक्सलवर ड्रिलच्या टोकाने उथळ खळगा करावा, थ्रेडलॉक लावावं, आणि दोन्ही ब्लॉकच्या आतल्या बाजूने शाफ्ट कॉलर घालावेत.

नंतरची मापं

स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवल्यावर आतल्या मागच्या काट्यावर २२ किलो, बाहेरच्या मागच्यावर ७४. सरळ असताना दोन्ही ४८ होते. उभ्या कार्टवर चाक पुरतं उचललं जात नाही. उरलेला भार पळताना वळणाच्या जोरावर बाहेर जातो. हुकाच्या काट्यावर पूर्ण वळणात २१ चे ११ किलो झाले, सरळ ओढीत ४ च.

त्याच आवारात कार्ट आता एक्सिलरेटर न सोडता वळते. किंमत म्हणून स्टिअरिंग सोडलं की ते स्वतःहून सरळ होतं आणि खड्ड्यावर हातात धक्का देतं. १२ अंश कॅस्टरमुळे पुढच्या टायरची जमिनीवरची टेक किंगपिनच्या रेषेच्या २७ मिमी मागे पडते, हा धक्का त्याचा. म्हणून कोन आणखी वाढवायचा मोह आवरावा; २० अंशांवर दहा मिनिटांत मनगटं भरून येतात.

इंजिन आणि ब्रेकबद्दल थोडं

युनिट स्कूटरमध्ये ज्या कलत्या कोनात असतं त्याच कोनात बसवावं, नाहीतर कार्ब्युरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी आणि तेलाची पातळी दोन्ही चुकतात. इंजिन पंख्याच्या वाऱ्यावर थंड होतं. दिसायला बरं म्हणून त्याचं प्लास्टिकचं आवरण काढलं तर वारा सिलिंडरवर न जाता इकडेतिकडे जातो आणि इंजिन तापून बसतं. या कार्टमध्ये तेही काढलेलं होतं, ते परत बसवलं. टाकी एक लिटरची, कार्ब्युरेटरपेक्षा वीतभर वर, हाताने बंद होणारा कॉक असलेली. चेनला १० ते १५ मिमी ढील. इंजिन बंद करायची दोन बटणं: एक स्टिअरिंगजवळ, एक मागे, बाहेरच्या माणसाच्या हाताशी.

ब्रेकला डॉट-३ किंवा डॉट-४ तेल. पेडलचं गुणोत्तर चारास एक तरी हवं. दुचाकीचा हाताचा मास्टर सिलिंडर पायाने सरळ ढकलला तर पेडल दगडासारखं लागतं आणि ब्रेक मात्र लागत नाही.

चेन आणि ॲक्सल चालकाच्या पाठीमागे उघडे फिरतात. त्यांवर दोन मिमीच्या पत्र्याचं आवरण हवंच, तरीही पुण्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवायची जी सवय आहे ती कार्टवर बसण्याआधी उतरवून ठेवायची. ओढणी आणि मोकळे केस यांनाही तोच नियम. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं.

आणि कार्ट रस्त्यावर आणायची नाही, सोसायटीच्या बाहेरच्या गल्लीतसुद्धा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतून २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची सूट फक्त चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला आहे, आणि दुसरी सूट केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास बनावटीच्या वाहनाला. चार चाकांची, शंभरावर सीसीची कार्ट आवाराचं फाटक ओलांडली की नोंदणी नसलेलं मोटार वाहन ठरते, आणि तिला विमाही नसतो.

या कार्टमध्ये अजून एक काम शिल्लक आहे. मागच्या बाहेरच्या टायरची आतली कड लवकर झिजते आहे. मागचा ट्रॅक प्रत्येक बाजूने २० मिमी कमी करून, म्हणजे ९१० वर आणून, हुकाचा काटा पुन्हा लावायचा आहे. ॲक्सलवरचे की-वे लांब मारून घेतल्यामुळे हब नुसते सरकवून हे जमेल, नवा बार लागणार नाही.